दरडीत लोकर जळत नाही

फर्दापूरच्या अलीकडं, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला धनगरांची पंधरा-वीस घरं आहेत. तिथं मुंजाबा चंपाषष्ठीला आपल्या मामीकडं, बानाबाईकडं यायचा, आणि दर वेळी एकच प्रकार व्हायचा. बानाबाई घोंगडी अंथरायची, हातानं तिच्या सुरकुत्या काढायची आणि "बस" म्हणायची. मुंजाबा घोंगडीला वळसा घालून भिंतीच्या कडेला उघड्या भुईवर बसायचा. तो उठून गेला की मामी घोंगडीची घडी करून वळणीवर टाकायची. असं एकोणीस वर्षं चाललं.

घोंगडीवर बसून खोटं बोलू नये, बोलणाऱ्याचा कळप रोगानं जातो, अशी त्या घरांतली समजूत. मुंजाबाकडं कळप कुठला राहिला होता? मेंढरं कधीचीच विकली गेली होती. तरी तो घोंगडीला भ्यायचा. देवाला भिणारी माणसं दुसऱ्याच्या वाटोळ्याला भीत नाहीत, हा आपल्याकडचा जुना रोग आहे, आणि मुंजाबाला तो चांगलाच जडला होता. एरवी माणूस वाईट नव्हता. म्हणून तर त्याची हकिकत सांगायची.

आई लहानपणीच गेली, बापानं दुसरी केली, तेव्हा मुंजाबा मामाच्या घरी वाढला. मामाचा मुलगा त्रिंबक त्याच्याहून दोन महिन्यांनी मोठा. दोघं एका ताटात जेवले, एका घोंगडीत झोपले, एका छडीचा मार खाल्ला. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा दोघं दहा-अकरा वर्षांचे होते. तोवर फर्दापूर म्हणजे निजामाच्या मुलखाचं शेवटचं टोक. पुढं खानदेश, तो इंग्रजांचा. मधल्या नाक्यावर मेंढरं अडवायचे, तपासायचे, एखादं कोकरू ठेवूनही घ्यायचे. मग एके दिवशी नाका ओस पडला. मामा म्हणाला, "नाका गेला, आता रस्ता यील." रस्ता आला खरा, पण त्यासाठी घाट रुंद करावा लागला, आणि मिसरूड फुटल्यावर मुंजाबा आणि त्रिंबक त्याच घाटात पहार, घण आणि सुरुंग शिकले.

हात दोघांचाही धीट होता. दगडाची शीर कुठून धरायची, भोक किती तिरपं घ्यायचं, बत्ती दिल्यावर किती पावलं पळायचं, हे त्यांना चार महिन्यांत कळलं. घाट संपला तेव्हा ते विहिरींवर बार लावत गावोगाव हिंडू लागले. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातल्या पोरांना हिंडण्याचं काय?

मग चीनची लढाई झाली. सरहद्दीवर धड वाट नव्हती आणि आपली माणसं थंडीत उघड्यावर मेली, हे लढाई हरल्यावर सरकारच्या ध्यानात आलं. डोंगरातून रस्ते करायला माणसं हवी होती. औरंगाबादेत भरती निघाली. सुरुंगाचं काम येतं का, एवढंच विचारलं आणि दोघांची नावं लिहून घेतली. त्रिंबकचं लग्न वर्षापूर्वीच झालेलं. सरूबाई अठरा वर्षांची, नाकात चमकी, बोलायला मोजकी. निघताना बानाबाईनं दोघांच्या खांद्यावर एकेक नवी घोंगडी टाकली. लोकर घरच्या मेंढरांची, सूत तिनं स्वतः कातलेलं, सणगराकडून विणून आणलेल्या. दोन्हींच्या काठाला पांढरा पट्टा. "एकमेकाला सोडू नका," एवढं बोलून ती आत गेली.

लडाखात त्यांनी जे पाहिलं त्याला मराठीत नावं नव्हती. झाड नाही, पाखरू नाही, श्वास घ्यायला वारा पुरत नाही. सकाळी बादलीतलं पाणी पहारीनं फोडायचं. बिहारी, नेपाळी, कांगड्याचे, मद्राशी, सगळ्या मुलखांतले लोक एका ओळीत उभे राहून कडा फोडायचे, आणि रात्री एकाच भाषेत खोकायचे. पहिल्या हिवाळ्यात मुंजाबाच्या डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली आणि डॉक्टरनं ती काढली. त्रिंबक हसून म्हणाला, "बरं झालं, आता तंबाकूची चिमूट बारीक यील." मुंजाबालाही हसू आलं. त्या दोघांना तिथं हसू यायचं हेच नवल होतं.

थंडीनं माणसं आखडायची तशा सुरुंगाच्या कांड्याही आखडायच्या. जिलेटीनची कांडी गारठली की दगडासारखी होते. मग ती वेळेवर उडत नाही, आणि उडते तेव्हा विचारून उडत नाही. नेम असा होता की कांड्या दुहेरी डब्यात ठेवून बाहेरून ऊन पाणी घालायचं आणि त्या हळूहळू सैल करायच्या. विस्तवाशेजारी न्यायच्या नाहीत. हा नेम सगळ्यांना पाठ होता. पण तिसऱ्या सालच्या दिवाळीच्या तोंडावर खालचा लाकडी पूल वाहून गेला आणि रॉकेलचे डबे नदीच्या पलीकडं अडकले. झोपडीतली शेगडी धुमसत ठेवण्यापुरत्या शेण्या होत्या, पण एवढं पाणी तापवायला इंधन नव्हतं. खिंड बर्फानं बंद व्हायला दहा-बारा दिवस होते, शेवटचा कडा मधे उभा होता, आणि ओव्हरसियरला वरून रोज एकच प्रश्न येत होता: जुळला का रस्ता?

तेव्हा मुंजाबाला कोकरू आठवलं. माघातल्या थंडीत रानात मेंढी व्याली की कोकरू कधीकधी लाकडासारखं ताठ होतं. मेलंच असं नव्या माणसाला वाटतं. धनगर त्याला बंडीच्या आत पोटाशी धरतो, वरून घोंगडी लपेटतो आणि चालत राहतो. कोसभर चाललं की पोटावर काहीतरी हलतं. मुंजाबानं अशी कितीतरी कोकरं जगवली होती. त्यानं सहा कांड्या बंडीत घातल्या, घोंगडी लपेटली आणि सकाळभर तळावर फेऱ्या मारल्या. दुपारी कांड्या लोण्यासारख्या मऊ. बार झकास उडाला. ओव्हरसियरनं त्याची पाठ थोपटली आणि बाकीच्यांना म्हणाला, "देखो, ऐसा काम करो." नेमाबद्दल तो बोलला नाही, आणि मुंजाबानंही विषय काढला नाही. शाबासकी मिळाली की माणसाची नेमाची आठवण आपोआप कमी होते.

पाच दिवस असं चाललं. पण त्या कांड्या अंगाला लागल्या की डोकं असं ठणकतं की डोळे उघडवत नाहीत. मुंजाबाला वाटायचं, ही इथली हवाच खराब. सहाव्या दिवशी तो अंथरुणातून उठू शकला नाही. त्रिंबकनं त्याच्या डोक्याला फडकं आवळून बांधलं.

"पड तू. आज मी करतो," त्रिंबक म्हणाला. "आज पाडवा हाय, ठावं हाय का? घरी मेंढरं रंगवली असतील. सरू ताट घिऊन बसली असंल, आन् म्या हितं."

"किती हायती कांड्या?"

"वीस. साहेब म्हनतो आजच्या आज समदा कडा पाडायचा."

मुंजाबानं डोळे न उघडताच सांगितलं, "वीस पोटाशी मावायच्या नाय. निम्म्या पोटाशी धर. निम्म्या घोंगडीत बांधून शेगडीच्या कडंला टांग. जुळी कोकरं झाल्यावर मामा करायचा तसं. हातभर लांब ठिव."

मामा तसं करायचा, हे खरं होतं. एक कोकरू पोटाशी आणि दुसरं घोंगडीच्या झोळीत, शेकोटीच्या कडेला. त्रिंबकला ते सांगायचीही गरज नव्हती. त्यानंही ते लहानपणापासून पाहिलेलं. पण त्याला ते सुचलं नव्हतं. सांगितलं मुंजाबानं. त्रिंबक खाली, शेगडीच्या झोपडीत गेला. त्यानं हातभर अंतर ठेवलं की वीतभर, हे सांगायला कुणी उरलं नाही.

आवाजानं मुंजाबाच्या तंबूचे खुंटे उपटले. तो धावत गेला तेव्हा झोपडी नव्हतीच, झोपडीची जागाही नव्हती. तिथली सगळी भुई खाली नदीत गेलेली. दोन दिवस शोधलं. पहिल्या दिवशी एका काटेरी झुडपाला घोंगडीचा वीतभर तुकडा अडकलेला मिळाला, पांढऱ्या पट्ट्यासकट. दुसऱ्या दिवशी काहीच मिळालं नाही.

ओव्हरसियर त्याच्याजवळ येऊन बसला. विस्तवाशेजारी कांड्या ठेवायला कुणी शिकवलं असं चौकशीत निघालं तर तू तुरुंगात, आणि मी चालू दिलं म्हणून तुझ्यामागं मी, असं त्यानं हिंदीत समजावलं. कागदावर दरड कोसळली असं लिहिलं. मुंजाबानं अंगठा केला. दरड तर कोसळली होतीच, असं त्यानं मनाला सांगितलं. माणसाला मन समजावायला फार थोडं लागतं.

पौषात तो रजेवर आला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यानं तो तुकडा बरोबर आणला. इथंच तो चुकला. बानाबाईनं आकांत केला नाही. तिनं तुकडा हातात घेतला, पट्ट्यावरून बोट फिरवलं, मग तो नाकाशी नेला. लोकर जळली की तिचा वास कशानं जात नाही, आणि जिचा जन्म लोकरीत गेला तिला तो वास ओळखायला किती वेळ लागणार?

"कशानं गेला म्हनलास?"

"दरड पडली, मामी."

"दरडीत लोकर जळती व्हय?"

मुंजाबा म्हणाला, "शेकोटीपाशी ठिवला व्हता. तवा जळाला आसंल." म्हातारीनं तुकड्याची घडी करून चोळीत ठेवली. सरूबाई दाराआड उभी होती. तिचं कुंकू पुसायला बायका पुढं झाल्या, तेव्हा बानाबाईनं हात आडवा केला. "थांबा. ह्यो खोटं बोलतोय. का बोलतोय ते मला कळू द्या."

त्यात आणखी एक झालं होतं. सिल्लोडकडच्या एका शिपायाचं, लढाईत गेला म्हणून, घरच्यांनी दहावं-तेरावं केलं होतं. तो सात महिन्यांनी चिन्यांच्या कैदेतून सुटून दारात उभा राहिला. तेव्हापासून सरकारी कागदावर त्या भागात कुणाचा भरवसा नव्हता. त्रिंबकचा कागद आला, पोस्टमननं वाचून दाखवला, त्यात दरडच होती. बानाबाई म्हणाली, "कागदाला नाक नाय." मुडदा नाही, राख नाही, आणि सांगणारा खोटारडा. मग मुलगा मेला असं आईनं का मानावं?

तीन वर्षं गेली. सरूबाई तेवीस वर्षांची झाली. सांडू नावाचा पलीकडच्या वाडीतला विधुर होता, निर्व्यसनी, पन्नास मेंढरांचा धनी. त्यानं सरूबाईच्या बापाकडं माणूस पाठवला. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो. अडचण एवढीच, की ती विधवा आहे का? बानाबाईनं साफ सांगितलं, नवरा जित्ता असताना पाट लागत नाही. शेवटी चंपाषष्ठीला खंडोबाच्या ओट्यावर पंच बसले. मुंजाबा रजेवर आलेला. सगळ्यांच्या मते गोष्ट सोपी होती. त्यानं बेल-भंडारा उचलून सांगावं, त्रिंबक दरडीत मेला. मग बानाबाईही मानील. तिनंच तसं कबूल केलं होतं.

ताट पुढं आलं. बेलाची पानं, वर हळदीचा ढीग. बायकांच्या घोळक्यात सरूबाई उभी होती, पदर दातांत धरून. मुंजाबानं उजवा हात पुढं केला. बोटं हळदीला टेकली.

दरड म्हणावं तर खंडोबाची खोटी आण. खरं म्हणावं तर कागदावरचा अंगठा, तुरुंग, आणि मामीच्या तोंडावर सांगायचं की तुझ्या लेकाला मीच सांगितलं, शेगडीच्या कडंला टांग. एक वाक्य बोलायचं होतं. "त्रिंबक मेला" एवढं तर खरंच होतं, आणि तेवढं पुरलंही असतं. पण घाबरलेल्या माणसाला मधली वाट दिसत नाही. त्यानं हात मागं घेतला. पिवळी बोटं धोतराला पुसली आणि मान खाली घातली.

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. भंडारा उचलवत नाही, याचा अर्थ एकच. त्रिंबक मेलेला नाही.

"मला ठावंच व्हतं," बानाबाई म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रडली. आनंदानं रडली, हे मुंजाबानं पाहिलं. सांडू त्याच पावली उठून गेला, पुढल्या उन्हाळ्यात त्यानं दुसरीकडं पाट लावला. सरूबाईनं दातांतला पदर सोडला, डोक्यावर सारखा केला आणि पाण्याला निघून गेली. खोटारड्या माणसानं पुरतं खोटं बोलावं. अर्धा प्रामाणिकपणा दुसऱ्याचा जन्म खातो. मला या जागी मुंजाबाचा राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

मग अफवा सुरू झाल्या. त्रिंबकनं तिकडंच बायको केली. त्रिंबक पळून गेला म्हणून सरकारनं मेला दाखवला. कुणाला तो जळगाव स्टेशनावर दिसला, दाढी वाढवलेला. बानाबाई प्रत्येक बातमीवर दोन दिवस जगायची. सरूबाईनं कधी काही विचारलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली, नंतर लेणी पाहायला येणाऱ्यांच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागली. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला आडवं कुंकू. हॉटेलातल्या नव्या पोरी विचारायच्या, मालक कुठं असतात? ती म्हणायची, "सडकंवर."

मुंजाबा पुन्हा डोंगरात गेला. तिथं त्याला बरं वाटायचं, कारण तिथं कुणाचं कुंकू दिसत नव्हतं. रस्ता पुरा झाला, गाड्या धावल्या, मोठ्या साहेबानं फीत कापली. खिंडीत एक पांढरा दगड उभा केला, त्यावर कामावर मेलेल्यांची नावं कोरली. मुंजाबाला वाचता येत नव्हतं. एका नेपाळ्यानं त्याला बोट लावून दाखवलं, वरून अकरावी ओळ. त्या वाटेनं जाताना तो दर वेळी अकरावी ओळ मोजायचा. त्रिंबकचा दगड होता. फक्त जिथं त्याचं माणूस कधी पोचणार नाही अशा जागी होता. गावच्या माळावर मेलेल्यांच्या नावानं दगड बसवतात, तिथं मामाच्या दगडाशेजारी त्याची जागा रिकामी होती. मूल असतं तर त्यानं बापाच्या दगडावर पाणी घातलं असतं. मूलही नव्हतं.

नोकरी सुटल्यावर तो औरंगाबादेला आला. गारखेड्याकडं नवीन वसाहती उठत होत्या, तिथं बांधकामावर राखणदार म्हणून राहिला. बायको म्हाळसाबाई, तीन मुलं, पत्र्याची खोली. झोपेत तो "हातभर, हातभर" असं बरळायचा. म्हाळसाबाईला वाटायचं, बांधकामाचं काही माप असेल. एकदा तिनं विचारलंही. तो म्हणाला, "काय नाय, जुनं काम." तिनं पुन्हा विचारलं नाही. चंपाषष्ठी आली की तो फर्दापूरची एसटी धरायचा आणि मामीच्या घरी भुईवर बसून यायचा.

बानाबाई गेली तेव्हा निरोप त्याला उशिरा कळला. तिला जाऊन आठ दिवस झाले होते. दिवाळी मधेच आलेली. तो उठला तसाच निघाला आणि पाडव्याच्या दिवशी दुपार कलताना वाडीत पोचला. पाडव्याला तो या घरी एकोणीस वर्षांत कधी आला नव्हता. आला नव्हता म्हणजे काय, पाडवा आला की तो कुठंच जायचा नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा.

वाडीत मेंढरांची शिंगं गेरूनं रंगवलेली. पोरं त्यांना पळवत होती. बानाबाईच्या घराला सण नव्हता, सुतक होतं. दारात रांगोळी नाही, चुलीवर तळण नाही. मुंजाबा वाकून आत गेला आणि उंबऱ्यातच थांबला.

मधल्या खणात घोंगडी अंथरलेली होती. पांढऱ्या पट्ट्याची, त्रिंबकसाठी नंतर विणून घेतलेली. घोंगडीवर कुणी नव्हतं. समोर सरूबाई बसली होती, हातात ताट, ताटात पेटलेली पणती, सुपारी, कुंकू. ती रिकाम्या घोंगडीला ओवाळत होती. तीन वेळा ताट फिरवलं, ते खाली ठेवलं आणि मग मागं वळली.

"या, भावजी," ती म्हणाली. "आत्याबाई गेल्या. तुमची लई वाट बघितली."

"हे काय, वैनी?"

"पाडवा न्हाय का. दरसाल करते. सुतकात करू नको म्हनल्या बाया. म्या म्हनलं, त्याला कुटं ठावं हाय सुतक."

मुंजाबाला बसायचं होतं, आणि समोर घोंगडी होती. तो तिच्या काठापाशी आला, थांबला, आणि एकोणीस वर्षांनी प्रथमच घोंगडीवर बसला. सरूबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला काय ते कळलं असावं, कारण ती उठली, देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आणली आणि त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं वाटीत हात घातला आणि सांगितलं. पूल वाहून गेल्यापासून सांगितलं. कोकरू, कांड्या, शाबासकी, दुखणारं डोकं. शेगडीच्या कडंला टांग म्हणालो ते. झुडपावरचा तुकडा, कागद, अंगठा. तो थांबला नाही, रडला नाही. सांगून झालं तेव्हा त्याच्या मुठीत हळदीचा गोळा झाला होता.

बाहेर पोरं मेंढरांमागं ओरडत होती.

"जिवाला लई लागलं आसंल का?" तिनं विचारलं.

"नाय. कळलंबी नसंल त्याला."

"त्या दिवशी वट्यावर का नाय बोलला?"

"भिलो. खोटा भंडारा उचलला आसता तर खंडोबानं वंश बुडवला आसता. आन् खरं बोलायला तोंड नव्हतं."

सरूबाईनं मान हलवली, जणू हिशेब पटला. "तुमची तीन लेकरं हायती, भावजी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झालेले त्याला तेव्हाच दिसले.

मग तिनं विचारलं, "दिवस कंचा व्हता? तिथ घालाया लागंल. कागदात काय व्हतं ते आत्याबाईनं ध्यानात ठिवू दिलं नाय."

हा प्रश्न येईल असं त्याच्या मनात आलं नव्हतं. दुसरं कुठलंही साल, कुठलाही दिवस सांगता आला असता. हात अजून भंडाऱ्यात होता आणि खाली घोंगडी होती. त्यानं समोरच्या ताटाकडं पाहिलं.

"पाडवाच व्हता, वैनी. सकाळच्या पारी. तुझं नाव काढून गेला."

सरूबाईनं ताटाकडं पाहिलं. एकोणीस पाडवे तिनं त्या घोंगडीला उदंड आयुष्य मागितलं होतं, त्याच्याच तिथीला. तिनं हात पुढं केला, पणतीला दोन बोटं लावली, आणि तिचं तोंड हळूच दक्षिणेकडं फिरवलं. मेलेल्याची पणती ठेवतात तसं. ज्योत हलली, पण विझली नाही.

मग तिनं हातांतल्या बांगड्या मनगटावर पुढं ओढून पाहिल्या. हाडं रुंद झाली होती, त्या निघत नव्हत्या.

"भावजी," ती म्हणाली, "भाईर जाऊन येक दगड आना. जरा बघून आना. बांगड्याला बी तोच व्हईल, आन् माळावर त्याला बसवायला बी तोच."

मुंजाबा उठला. सगळा जन्म त्यानं दगड फोडले होते. वाडीच्या मागं डोंगर होता, दगडांना तोटा नव्हता. तो एकेक दगड उचलून बघत होता आणि परत खाली ठेवत होता, आणि दारात सरूबाई हात पुढं धरून थांबली होती.